आधी नक्कल, मग तपासणी

या खेपेला जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कविषयी इतकी पत्रं आली की सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण त्या पत्रलेखिकेच्या हातात वेळ थोडा आहे. अंक छापून येईपर्यंत थांबणं बरं नव्हतं, म्हणून त्यांना ते आधीच कळवलं आहे.

प्रश्न : माझा डेस्कटॉप बराच जुना आहे, विंडोज ७ वर चालतो. गेले काही आठवडे तो मधूनच थिजतो. माउसचा बाण हलतो, पण काहीच उघडत नाही. पुढचा लाल दिवा न मिचकता पेटलेला राहतो. अर्ध्या मिनिटाने सगळं पुन्हा सुरू होतं. फोटोंच्या एका फोल्डरपाशी हे हमखास होतं. त्याच डिस्कवर वडिलांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आहेत आणि ती दुसरीकडे कुठेच नाहीत. भाचा म्हणतो, ‘चेकडिस्क चालव, बॅड सेक्टर दुरुस्त होतील.’ विंडोजमधलं हे डिस्क-तपासणीचं साधन चालवू का?

उत्तर : नका चालवू. वडिलांचा आवाज दुसऱ्या डिस्कवर सुखरूप उतरेपर्यंत तर मुळीच नका.

तुम्ही दिव्याचं वर्णन केलंत हे फार चांगलं झालं. कॉम्प्युटर संथ होण्याची कारणं पुष्कळ असतात. मेमरी अपुरी पडते, अँटिव्हायरस मागे काहीतरी चाळत बसतो, ब्राउझरच्या खंडीभर टॅब उघड्या असतात. पण अशा वेळी डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो आणि काम रखडत का होईना पुढे सरकतं. तुमच्याकडे दिवा अखंड पेटतो, बाण मात्र हलतो, आणि घोडं दर वेळी एकाच फोल्डरपाशी अडतं. डिस्क कुठलीतरी जागा वाचायला धडपडते आहे आणि विंडोज तिच्या उत्तरासाठी खोळंबलं आहे, असाच याचा अर्थ मी लावते.

ही धडपड आतून कशी असते ते सांगते. डेस्कटॉपमधल्या बऱ्याच डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचा तबकडीवरचा छोटा तुकडा, दर फेरीला एकदा, साधारण ८.३ मिलिसेकंदांनी, वाचणाऱ्या हेडखालून जातो. वाचन नीट झालं नाही तर डिस्क पुढच्या फेरीची वाट बघते, हेड किंचित इकडेतिकडे सरकवते आणि पुन्हा वाचते. असे शेकडो प्रयत्न ती परस्पर करते, विंडोजला त्याचा पत्ताही नसतो. एकेका खराब जागेपायी काही सेकंद जातात. तशा चार-सहा जागा एकापाठोपाठ आल्या की तुमचं अर्धं मिनिट भरतं. घरगुती वापराच्या डिस्क मुद्दामच अशा चिवट बनवलेल्या असतात. त्या माहितीची दुसरी प्रत बहुधा कुठे नसणार, हे गृहीत धरलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते खरंच आहे.

आता चेकडिस्क. भाच्याचा सल्ला प्रेमाचाच आहे, पण त्याची वेळ चुकली आहे. ‘आर’ हा पर्याय लावून चेकडिस्क चालवली की ती डिस्कवरचा एकूण एक सेक्टर वाचायला जाते, रिकामी जागासुद्धा. एका फोल्डरपाशीच दमणाऱ्या डिस्कला हे तासन्‌तासांचं काम लावणं म्हणजे तिच्यात उरलेलं बळ नको तिथे खर्च करणं. शिवाय बॅड सेक्टर ती दुरुस्त करत नाही. जे वाचता आलं ते दुसऱ्या जागी हलवते, मूळ जागेवर ‘वापरू नये’ अशी खूण करते आणि न वाचलेला भाग गेला असं धरून पुढे जाते. फाइलींची यादीच बिघडली असेल तर तुटके तुकडे ‘फाउंड’ नावाच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये नुसते क्रमांक घालून टाकते. कुठला तुकडा कुठल्या ध्वनिमुद्रणाचा, ते मग एकेक ऐकून शोधावं लागतं. आणि हे सगळे बदल त्याच आजारी डिस्कवर लिहिले जातात, ते परत फिरवता येत नाहीत. नक्कल झाल्यावर चेकडिस्क त्या नकलेवर खुशाल चालवा.

कधी कधी कॉम्प्युटर सुरू होताना विंडोज आपणहूनच चेकडिस्क काढतं. पडद्यावर काही सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात कोणतीही कळ दाबली की ती टळते. हे लक्षात ठेवा. डीफ्रॅग, अँटिव्हायरसची संपूर्ण तपासणी, ‘डिस्क क्लीनअप’, यातलं काहीही आता नको.

तर आज कॉम्प्युटर नीट शट डाउन करा आणि नवी डिस्क हाती येईपर्यंत सुरूच करू नका. नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी घ्या. नक्कल विंडोजमधून घेण्यापेक्षा पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीतून, घ्यावी असं माझं ठाम मत आहे. विंडोज सुरू झालं की काही न करताही डिस्कवर लिहीत असतं, नोंदी, तात्पुरत्या फाइली, मेमरीतला मजकूर. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं तर जुन्या डिस्कला तुम्ही सांगाल तेव्हाच हात लागतो.

आधी फाइली घ्याव्यात की आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, यावर जाणकारांत दोन मतं आहेत. डिस्कमधून टकटक येत असेल तर घरी काहीच करू नये. तुमची डिस्क टकटकत नाही आणि ध्वनिमुद्रणांचा फोल्डर लहान आहे, म्हणून मी म्हणेन की जुनी डिस्क फक्त वाचण्यापुरती, म्हणजे ‘रीड-ओन्ली’ उघडा आणि तो एक फोल्डर आधी उचला. फोटोंच्या त्या अडणाऱ्या फोल्डरकडे या वेळी बघूही नका. ध्वनिमुद्रणं आली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून ऐकली, की मग उरलेल्या डिस्कच्या मागे लागा.

त्यासाठी लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन वापरा. साध्या कॉपीत पहिल्या अडथळ्यालाच गाडी थांबते. डीडीरेस्क्यू अडथळा आला की पुढे उडी मारतं, आधी सोपं सोपं पदरात पाडून घेतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं. कुठला भाग मिळाला आणि कुठला राहिला याची नोंद ते एका ‘मॅप फाइल’मध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा डिस्क गरम झाली म्हणून थांबवलं, तरी पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. मॅप फाइल द्यायला विसरू नका, ती नसेल तर हा मोठा फायदाच गेला. पहिल्या फेरीला ‘एन’ हा पर्याय लावा, म्हणजे खराब जागा खरवडत बसण्याचं काम मागे राहतं. पडद्यावर मिळालेली माहिती, राहिलेली माहिती, चुका आणि वेग असे आकडे सारखे बदलत असतात. त्यातल्या वेगावर नजर ठेवा. चांगल्या भागात तो सेकंदाला कित्येक मेगाबाइट असतो. खराब भागात तो एकदम किलोबाइटवर येतो, मग पुढची उडी आणि पुन्हा वर. वेग खाली जाऊन तिथेच बसला, किंवा आवाज बदलला, तर थांबवा.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. आज्ञेत आधी जुन्या डिस्कचं नाव येतं, नंतर नव्याचं. ही अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग कुणीच काही करू शकत नाही. म्हणून आकारमान आणि सिरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी जुळवून बघा, शक्य तर शेजारी दुसरं माणूस बसवून मोठ्याने वाचा. दुसरं, अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवणार असाल तर नवी डिस्क ‘फॅट ३२’ने फॉरमॅट केलेली नको, कारण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही.

लिनक्सला हात लावायची हिंमत होत नसेल तर जाणत्या माणसाला घरी बोलवा. अगदीच विंडोजमधून करावं लागलं तर रोबोकॉपी हे विंडोजमधलं कॉपी करायचं साधन वापरा, पण पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याचा आकडा स्वतः १ वर आणा. तो बदलला नाही तर रोबोकॉपी एकेका अडलेल्या फाइलसाठी १० लाख प्रयत्न करते, प्रत्येकात ३० सेकंद थांबून. आजारी डिस्कला ते परवडणारं नाही.

प्रश्न : क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माझ्या १ टीबी डिस्कसमोर पिवळा ‘कॉशन’ दिसतो. सी५ या ओळीत बरीच शून्यं आणि शेवटी १० आहे. ०५ या ओळीत शून्य. ०१ या ओळीत मात्र भलामोठा आकडा आहे, तो बघून धडकी भरली. कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या बायोसमध्ये ‘स्मार्ट ओके’ असं येतं. डिस्क सीगेटची आहे, चालू तास ३१,००० च्या आसपास. कुणावर विश्वास ठेवू?

उत्तर : भलामोठा आकडा आधी मनातून काढून टाका. सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ या ओळीच्या कच्च्या आकड्यात वाचनाच्या एकूण खेपाही मिसळलेल्या असतात. डिस्क जितकी चालेल तितका तो फुगतो. निरोगी डिस्कवरही तो असाच दिसतो.

सी५ कडे मात्र लक्ष द्या. ही ‘पेंडिंग’ सेक्टरची संख्या, म्हणजे ज्या जागा वाचता आल्या नाहीत आणि ज्यांचा निकाल लागायचा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे कच्चे आकडे मुळात सोळाच्या पद्धतीने दाखवतं, त्यामुळे तुमचे १० म्हणजे आपले १६. ‘फंक्शन’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड फीचर’, त्यात ‘रॉ व्हॅल्यूज’ इथे जाऊन दशमान निवडलं की घोळ मिटेल. त्यात आणखी एक बारकावा आहे. साधारण २०१० नंतरच्या बहुतेक डिस्कवर खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो, पण जुन्या कॉम्प्युटरशी जमावं म्हणून तो ५१२ बाइटच्या आठ सेक्टरांसारखा वागतो. अशा डिस्कवर एक जागा बिघडली की पेंडिंगचा आकडा बहुधा आठाने चढतो. तुमचे १६ म्हणजे बहुतेक तबकडीवरच्या दोनच जागा.

डिस्क बनवतानाच तिच्यात काही सेक्टर राखीव ठेवलेले असतात, वहीच्या शेवटी कोरी पानं सोडावीत तसे. पेंडिंग जागेवर पुढे कधी नवीन मजकूर लिहायची वेळ आली की डिस्क ती पारखते. जागा चांगली निघाली तर पेंडिंगमधून नाव कटतं आणि गोष्ट संपते. लिहिता लिहिता वीज गेली असेल तर असं होऊ शकतं, तबकडीत दोष नसतोच. जागा खरंच वाईट असेल तर तिचा पत्ता राखीव सेक्टरकडे वळवला जातो आणि ०५ चा आकडा चढतो. तुमचा ०५ अजून शून्य आहे. म्हणजे त्या दोन जागांचा निकाल लागलेला नाही.

बायोसचं ‘ओके’ फार तोकडं असतं. स्मार्ट म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदी. त्यात प्रत्येक ओळीला कारखान्याने एक उंबरठा ठरवून दिलेला असतो आणि तो ओलांडला तरच बायोस बोलतं. हा उंबरठा इतका सैल असतो की पुष्कळ डिस्क तो ओलांडण्याआधीच बंद पडतात. बायोस ‘बॅड’ म्हणालं तर ऐकायचं, ‘ओके’ म्हणालं तर त्यावर विसंबायचं नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोचा पिवळा रंग तुमच्या बाबतीत जास्त खरा आहे.

तो किती खरा, याचं मोजमाप झालेलं आहे. गूगलने २००७ साली आपल्याकडच्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेंडिंगचा आकडा पहिल्यांदा शून्यावरून हलला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, तो आकडा शून्य असलेल्या डिस्कच्या तुलनेत १६ पट होते, असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. ज्या डिस्क बंद पडल्या, त्यांतल्या ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडून स्मार्टच्या एकाही ओळीत आधी काहीही दाखवलं नव्हतं. म्हणून निळा ‘गुड’ बघून बॅकअप लांबणीवर टाकणाऱ्यांची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते. तुम्हाला निदान सूचना तरी मिळाली आहे.

आज नक्कल घ्या. मग एका कागदावर तारीख घालून ०५, सी५, सी६ (दुरुस्त न झालेल्या जागा) आणि सी७ (केबलवरच्या चुका) हे चार आकडे उतरवून ठेवा आणि दर आठवड्याला बघा. आकडे जिथल्या तिथे राहिले तर ही डिस्क बिनमहत्त्वाच्या कामाला काही काळ चालवता येईल. सी५ किंवा ०५ चढायला लागला तर तिला निरोप द्या, मग चढ चारचा असो की चाळीसचा. चालू तासांचं फार मनावर घेऊ नका. ३१,००० तास म्हणजे अखंड साडेतीन वर्षं, त्याच्या कितीतरी पुढे गेलेल्या डिस्क धडधाकट असतात.

नक्कल झाल्यावर हौस म्हणून लांबची तपासणी करायची असेल तर स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची स्वतःची ‘लाँग टेस्ट’ लावा. ती कित्येक तास चालते आणि पहिली न वाचली गेलेली जागा कुठे आहे तेही सांगते. ‘शॉर्ट टेस्ट’ दोनेक मिनिटांत उरकते, पण ती तबकडीचा थोडासाच भाग बघते.

प्रश्न : विंडोज एक्सपीवरचा जुना कॉम्प्युटर मी केवळ स्कॅनरसाठी ठेवला आहे, तो दुसऱ्या कशावर चालतच नाही. डिस्क इतकी संथ झाली की दुसरी जुनी पण चांगली डिस्क बसवली. काही दिवस ठीक, मग पुन्हा तोच त्रास. साधी फाइल कॉपी करतानाही प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. दोन्ही डिस्क खराब कशा असतील?

उत्तर : बहुतेक दोन्ही चांगल्या असाव्यात. डिस्क बदलूनही त्रास जागेवरच राहिला, तर आधी तिच्यापर्यंतच्या वाटेवर संशय घ्यायचा, केबल, कनेक्टर, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड. याची सरळ कसोटी म्हणजे संशयित डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघणं. त्रास डिस्कबरोबर गेला तर दोष डिस्कचा, मागे राहिला तर कॉम्प्युटरचा.

तुमच्याकडे मला एक्सपीची एक जुनी खोड दिसते. केबलवरून माहिती येताना चुका झाल्या की एक्सपी त्या मोजतं. सहा झाल्या की वेग एक पायरी उतरवतं, आणि असं करत करत शेवटी ‘पीआयओ’वर येऊन बसतं. तिथे प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो, म्हणून तो शंभर टक्क्यांवर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘प्रायमरी आयडीई चॅनल’ उघडा, ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये सध्याची पद्धत लिहिलेली असते. तिथे ‘पीआयओ’ दिसलं तर आधी केबल बदला आणि मग तो चॅनल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा. विंडोज त्याला नव्याने ओळखतं आणि वेग परत येतो. केबल न बदलता नुसतं हे केलं तर काही दिवसांनी पुन्हा तेच, तुमच्यासारखं.

आयडीई या जुन्या जोडणीची चपटी केबल घेताना ८० तारांचीच घ्या. ४० तारांची दिसायला सारखी आणि कनेक्टरही तोच, पण तिच्यावर वेग सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या वर नीट जात नाही. ८० तारांच्या केबलचं निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मुख्य डिस्कला, मधलं राखाडी दुसऱ्या डिस्कला लागतं.

ज्यांच्याकडे साटा, म्हणजे आयडीईनंतरच्या जोडणीची, डिस्क आहे त्यांनी स्मार्टमधली सी७ ही ओळ बघावी. तो केबलवर झालेल्या चुकांचा आकडा. तो कधीच शून्यावर येत नाही, म्हणून जुना आकडा बघून घाबरू नका. केबल बदला, आकडा लिहून ठेवा, आठवड्याने तो जागेवर असेल तर रोग गेला. विंडोज ७ आणि पुढच्यांवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’च्या नोंदीही चाळा. ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब जागा सापडली. ११ क्रमांकाची नोंद कंट्रोलरच्या चुकीची, ती दिसली तर आधी केबल आणि जोडणी तपासा.

प्रश्न : बरेच महिने बंद असलेला कॉम्प्युटर सुरू केला, तर विंडोजचं चिन्ह येऊन निळा पडदा आणि पुन्हा रिस्टार्ट. तारीख कित्येक वर्षं मागची दाखवतो. बघायला आलेल्या माणसाने ‘हार्ड डिस्क गेली, फॉरमॅट मारावा लागेल’ असं सांगितलं.

उत्तर : फॉरमॅट मारू देऊ नका. मागची तारीख बघता आधी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असं धरून चालावं. बहुतेक ठिकाणी ती सीआर२०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. ती संपली की बायोस तारखेबरोबर आपली सगळी मांडणी विसरतं. त्यात डिस्क ‘एएचसीआय’ पद्धतीने चालवायची की ‘आयडीई’ पद्धतीने, हेही असतं. विंडोज एका पद्धतीवर बसवलेलं आणि बायोस परत दुसरीवर गेलेलं, असं झालं की नेमका हाच निळा पडदा येतो, आणि त्यावर बहुधा शेवटी ७बी असलेला क्रमांक असतो. वायर भिंतीतून काढा, नवी बॅटरी लिहिलेली बाजू वर ठेवून बसवा, तारीख लावा आणि साटाची पद्धत एकदा बदलून बघा. तरीही जमलं नाही तर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइली दिसतात का बघा, मग पुढचं.

प्रश्न : डिस्कमधून टक्... टक्... टक्... असा ठराविक आवाज येतो आणि ती दिसतच नाही. मित्र म्हणतो, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेव, किंवा उघडून हेड हाताने सरकव.

उत्तर : दोन्ही नको. हा आवाज म्हणजे हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, ते मागे जागेवर येतं आणि पुन्हा शोधायला जातं. निरोगी डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगतं. धुळीचा साधा कण त्याहून कितीतरी मोठा असतो. झाकण उघडलं, डिस्क फिरवली, की तो कण तबकडीवर ओरखडे काढत जातो. फ्रीझरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं, आतही, आणि परिणाम तोच. खालची हिरवी पट्टी दुसऱ्या सारख्या डिस्कची लावायची युक्तीही आता बहुतेक चालत नाही, कारण त्या पट्टीवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात.

एवढं मात्र बघा. डेस्कटॉपच्या डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते. पॉवर सप्लाय थकला असेल तर चांगली डिस्कही असाच आवाज करू शकते. लॅपटॉपची डिस्क यूएसबीला लावली असेल आणि पोर्टची ताकद पुरत नसेल तरीही. त्यामुळे दुसऱ्या, खात्रीच्या पॉवरवर एकदाच लावून बघा. तिथेही टकटक आली तर लगेच बंद करा. नंतर चालू केलेला प्रत्येक क्षण तबकडी खरवडतो. माहिती मोलाची असेल तर डिस्क जशीच्या तशी डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या आणि आधी काय काय करून झालं ते काहीही न लपवता सांगा. तिथे हेड बदलण्यासाठी धूळमुक्त खोली असते.

प्रश्न : नक्कल झाली. आता जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्या नसलेली डिस्क, घालू का? आणि जुनी डिस्क फॉरमॅट मारून बॅकअपला वापरू का?

उत्तर : एसएसडी जरूर घाला. मदरबोर्ड जुन्या साटा २ चा असला तरी फरक लगेच जाणवेल, कारण वेळ खातं ते हेडचं धावणं, आणि एसएसडीत हेड नसतंच. विंडोज ७ आणि पुढच्यांना एसएसडी कशी हाताळायची ते ठाऊक आहे, एक्सपीला नाही. आजारी डिस्कवरचं विंडोज मात्र जसंच्या तसं एसएसडीवर उतरवू नका. त्याच्या कुठल्या फाइली अर्धवट वाचल्या गेल्या ते कळत नाही आणि महिन्याभराने भलताच प्रोग्रॅम कोसळतो. नवं विंडोज बसवा, फक्त तुमच्या फाइली नकलेतून आणा. एसएसडी आवाज न करता एकदम जाते, म्हणून तिचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर असूच द्या.

ती वेगळी डिस्क म्हणजे ही जुनी डिस्क नव्हे. साध्या फॉरमॅटने बॅड सेक्टर झाकले जातात, बरे होत नाहीत. नकलेतल्या फाइली उघडून बघा, लांबलचक ध्वनिमुद्रणं मधून आणि शेवटीही ऐका, आणि खात्री पटली की जुनी डिस्क कायमची बाजूला करा. टाकून देताना पुसण्याच्या प्रोग्रॅमवर भिस्त ठेवू नका, जे सेक्टर आधीच राखीव जागेकडे वळवले गेले त्यांच्यापर्यंत तो प्रोग्रॅम पोचतोच असं नाही. तबकड्या मोडणं हाच खात्रीचा मार्ग. डेस्कटॉपच्या तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, त्या वाकतात. लॅपटॉपच्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात, म्हणून डिस्क जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि मगच हातोडा उचला.